टॉर्क पाना 'कट्' वाजला म्हणजे जोड बसला असं नाही

विदर्भात मूल, उमरेड, राजुऱ्याकडून आयटीआय किंवा डिप्लोमा करून शटडाऊनच्या (कारखाना बंद ठेवून दुरुस्तीच्या) कामावर येणाऱ्या पोरांनो, फ्लँज (पाईपच्या टोकाची जोडायची चकती), स्टड (नट बसवायचा आट्यांचा दांडा), पॅकिंग (दोन फ्लँजमध्ये गळती अडवणारं गास्केट) तुम्हाला माहीत आहे. मी ज्यात सगळ्यात जास्त अडकलो, तेवढंच सांगतो.

ठरलेला जोर आला की 'कट्' वाजणारा टॉर्क पाना मोजतो तो नट फिरवायला लागणारा जोर, म्हणजे टॉर्क. पॅकिंग दाबून धरतो तो स्टडमधला ताण. लावलेल्या टॉर्कपैकी साधारण निम्मा नटाच्या बुडाशी घासण्यात जातो, चाळीसेक टक्के आट्यांत. ताणाच्या वाट्याला जेमतेम दहा टक्के. हिशोब करून बघा. एम-२० (२० मिमी व्यासाच्या) स्टडमध्ये ८० किलोन्यूटन ताण हवा आणि नट फॅक्टर (घर्षण धरून टॉर्क काढायचा गुणांक) ०.२ धरला, तर टॉर्क येतो ३२० न्यूटन-मीटर. आटे गंजून तोच नट फॅक्टर ०.३ झाला, की त्याच ३२० मध्ये ताण मिळतो फक्त ५३ किलोन्यूटन. पाना दोन्हीकडे 'कट्' वाजतो! हायड्रोटेस्टला (पाणी भरून दाब देण्याच्या चाचणीला) पाणी येतं ते अशा सैल बाजूनं.

म्हणून आधी नट हातानं शेवटपर्यंत फिरतो का बघा. अडकला तर वायर ब्रश मारा, तरीही अडकला तर स्टड बदला. आट्यांना आणि नटाच्या बुडाला, दोन्हीकडे अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारं वंगण) लावा. बूड हमखास राहून जातं. आणि टॉर्क कोणत्या वंगणासाठी काढलाय तेही विचारा. वंगण बदललं की आकडा बदलतो.

"हाताला समजते" म्हणणाऱ्या उस्तादाकडून पॅकिंगची पारख जरूर शिका, पण पान्याला पाईप घालून आवळायला शिकू नका. प्रेशर असताना गळणारा नट आवळायला कुणी सांगितलं, तर सरळ नाही म्हणा. त्यात माणूस जातो.

डिझाइनकडे वळणाऱ्यांसाठी: एएसएमई या अमेरिकन संस्थेच्या सेक्शन ८ (प्रेशर व्हेसलचा कोड) च्या परिशिष्ट २ मधले एम आणि वाय हे पॅकिंगचे आकडे बोल्ट किती लागतील, फ्लँज टिकेल का, हे सांगतात. गळती किती होईल ते सांगत नाहीत. त्यासाठी ईएन १५९१-१ हे युरोपियन मानक आहे. इंग्रजी मानकं मलाही फार जड गेली. घाबरू नका, आधी पीसीसी-१ (फ्लँजचे जोड आवळण्याची एएसएमईची मार्गदर्शिका) घ्या, रोज एक पान वाचा. समोरासमोरच्या नटांवर ठरलेल्या टॉर्कच्या आधी ३०, मग ७०, मग १०० टक्के, त्यानंतर नट हलेनासा होईपर्यंत गोल फेऱ्या, हे सगळं त्यातच आहे. वेळ असेल तर निदान चार तास थांबून पुन्हा एक फेरी मारा, कारण पॅकिंग तोवर थोडं बसतं आणि ताण उतरतो.