कॉन्फरन्सला निघालात? शहरासाठीही दिवस काढा

जर्मनीत पीएचडीला किंवा पोस्टडॉकला नवीन आलेल्यांना मी एवढंच सांगतो, की ‘आठ दिवसांत पाच देश’ या फंदात पडू नका. युरोप कामाच्या निमित्तानेच बघून होतो. कॉन्फरन्स असो की समर स्कूल, मागेपुढे एक-दोन दिवस जोडायचे आणि ते एकच शहर पायी हिंडायचं.

आधी कागदपत्रं. जर्मनीचं रेसिडेन्स परमिट असेल तर बाकी शेंगेन देशांत (म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत) १८० दिवसांतले ९० दिवस वेगळ्या व्हिसाशिवाय राहता येतं. परमिटचं कार्ड आणि पासपोर्ट दोन्ही जवळ हवेत, मोबाइलमधला फोटो चालत नाही. ब्रिटन आणि आयर्लंड शेंगेनबाहेर आहेत, तिथल्या व्हिसाच्या मागे बरंच आधी लागा.

विद्यापीठाच्या पगारावर असाल तर तिकीट काढण्याआधी दौऱ्याचा अर्ज मंजूर करून घ्या आणि ऑफिसकडून ए-वन दाखला (तुमचा सामाजिक विमा जर्मनीतच आहे, याचा कागद) मागा. जादा दिवस खासगी आहेत हे अर्जातच लिहा. त्या दिवसांमुळे तिकीट महागलं तर वरचे पैसे तुमचे. म्हणून फक्त कामाच्या तारखांचं तिकीट केवढ्याला पडलं असतं, त्याचा स्क्रीनशॉट बुकिंग करतानाच काढून ठेवा. यात संकोच कसला? प्रोफेसर मंडळीही हेच करतात.

फिजिक्सवाल्यांना कधी ना कधी इटलीतल्या त्रिएस्तेचं बोलावणं येतं. पाकिस्तानी शास्त्रज्ञ अब्दुस सलाम यांनी १९६४ साली सुरू केलेली आयसीटीपी ही सैद्धांतिक भौतिकशास्त्राची आंतरराष्ट्रीय संस्था तिथे आहे, मिरामारेच्या किल्ल्याजवळ, समुद्राच्या कडेला. शनिवार आला की सगळे व्हेनिसला पळतात. रेल्वेने दोनेक तास लागतात, कबूल. पण उन्हाळ्यात तिथल्या गल्ल्यांतून चालणं म्हणजे संध्याकाळी सहाला दादरचा पूल. त्यापेक्षा त्रिएस्तेच बघा. १९१८ पर्यंत हे ऑस्ट्रियाच्या साम्राज्याचं बंदर होतं, त्यामुळे इमारती व्हिएन्नाच्या वळणाच्या आणि मुख्य चौकाची एक बाजू थेट समुद्राला उघडी. कॉफी काउंटरवर उभ्याने प्या, टेबलावर बसलात की भाव वाढतो. आणि लोकल गाडीचं कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी स्टेशनावरच्या मशीनमध्ये घालून त्यावर तारीख-वेळेचा शिक्का मारून घ्या, नाहीतर दंड.

पॅरिसला गेलात आणि वय २६च्या आत असेल, तर लूव्र संग्रहालयात फुकट प्रवेश आहे. अट युरोपात राहण्याची आहे, नागरिकत्वाची नाही. भारतीय पासपोर्ट आहे म्हणून उगाच पैसे भरू नका, परमिट दाखवा. मंगळवारी मात्र बंद.

सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत जाणाऱ्यांनी जिनिव्हात उतरण्याआधी मोबाइल डेटा बंद करावा. युरोपियन युनियनमधलं रोमिंग स्वित्झर्लंडला आपोआप लागू होत नाही.

कॉन्फरन्सला लावायचं संशोधनाचं पोस्टर कापडावर छापून घ्या. घडी करून पाठपिशवीत जातं, ती लांब नळी घेऊन गावभर फिरावं लागत नाही. परतल्यावर बिलं लगेच जमा करा. मुदत टळली की पैसे बुडाले.