दैनंदिन प्रार्थनापुस्तक: फिती कुठे लावायच्या, सुरुवात कुठून करायची

ख्रिस्ती दैनंदिन प्रार्थनापुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतले, तर चार दिवसांत ते कपाटात जाते. ते सलग वाचायचे पुस्तकच नाही. एका वेळेची प्रार्थना त्यात तीन-चार ठिकाणी विखुरलेली असते आणि ती आपल्याला जुळवावी लागते. पानांच्या खुणेच्या रंगीत फिती त्यासाठीच असतात.

पोप सहावे पॉल यांनी 1970 साली मान्यता दिलेल्या कॅथलिक प्रार्थनापुस्तकात पहिली फीत रोज न बदलणाऱ्या भागात ठेवा. दुसरी चार आठवड्यांत वाटलेल्या स्तोत्रांच्या भागात, तिसरी आगमनकाळ (नाताळाआधीचे आठवडे), ईस्टर अशा चालू काळाच्या पानांवर आणि चौथी संतांच्या सणांवर. फिती आदल्या रात्रीच लावून ठेवाव्यात. पाने शोधत बसले की प्रार्थनेतले मन उडते.

चारपैकी आठवडा कोणता? सामान्यकाळातल्या (म्हणजे विशेष काळ सोडून वर्षाच्या उरलेल्या दिवसांतल्या) आठवड्याच्या क्रमांकाला 4 ने भागा. बाकी उरेल तो आठवडा. बाकी शून्य असेल तर चौथा. म्हणजे 18व्या आठवड्यात दुसरा. आगमनकाळाचा पहिला रविवार, प्रायश्चित्तकाळाचा (ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा) पहिला रविवार आणि ईस्टर या तिन्ही दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते.

सकाळच्या प्रार्थनेत आरंभीची विनवणी आणि गीत झाले की एक स्तोत्र, जुन्या करारातले एक गीत आणि शेवटी स्तुतीचे स्तोत्र येते. प्रत्येकाच्या आधी आणि नंतर पालुपद म्हणतात. प्रत्येकाच्या शेवटी पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांचा गौरव. मग छोटा शास्त्रपाठ, प्रतिसाद, जखऱ्याचे गीत (लूक 1:68–79), विनंत्या, प्रभूची प्रार्थना आणि समारोपाची प्रार्थना. संध्याकाळी आधी दोन स्तोत्रे, मग नव्या करारातले गीत आणि जखऱ्याच्या जागी मरियेचे गीत (लूक 1:46–55). ओळीच्या मध्ये तारा छापलेला असेल तिथे खरोखर थांबा, एक श्वास घ्या. घाईत म्हटलेले स्तोत्र मनात उतरत नाही.

नवख्याने मात्र झोपण्यापूर्वीच्या प्रार्थनेपासून सुरुवात करावी, असे आम्ही आवर्जून सांगू. तिचे चक्र सातच दिवसांचे असते, त्यामुळे एका फितीत काम भागते. ती अंगवळणी पडली की सकाळची जोडा.

एखादी वेळ चुकली तर नंतर भरून काढू नका. आत्ता जी वेळ आहे तिची प्रार्थना म्हणा. आपण आनंदात असताना विलापाचे स्तोत्र आले तरी ते गाळू नका. ही साऱ्या ख्रिस्तसभेची प्रार्थना आहे. त्या क्षणी कुणीतरी खरोखर रडत असते, त्याच्या वतीने ती म्हणायची.

शनिवारी संध्याकाळी अनेकांची गफलत होते. पुस्तकात शनिवारची सांजप्रार्थना सापडत नाही, कारण रविवार शनिवारी संध्याकाळीच सुरू होतो. रविवारची पहिली सांजप्रार्थना उघडा. स्तोत्रांच्या क्रमांकातही फरक दिसेल: काही पुस्तके हिब्रू क्रमांक देतात, काही जुन्या लॅटिन बायबलचे, म्हणून बायबलमधले 23वे स्तोत्र कुठे 22वे म्हणून छापलेले असते. क्रमांकापेक्षा पहिली ओळ ताडून पाहा.

अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडच्या) परंपरेतल्या 1662 च्या प्रार्थनापुस्तकात स्तोत्रांसाठी हा हिशेब लागत नाही. सगळी 150 स्तोत्रे महिन्याच्या 30 दिवसांत सकाळ-संध्याकाळ वाटलेली असतात, त्यामुळे तारीख पाहून पान उघडायचे. 31 तारखेला 30 तारखेचीच स्तोत्रे पुन्हा म्हणतात. फेब्रुवारीत 28 किंवा 29 तारखेला थांबायचे आणि 1 मार्चला पहिल्या स्तोत्रापासून पुन्हा सुरुवात करायची.