एमआरआयमध्ये ट्यूमर स्फेरॉइडभोवती येणारे काळे डाग: उपाय सापडला

ॲगरोज या जेलमध्ये बसवलेल्या स्फेरॉइडच्या (ट्यूमर पेशींच्या बारीक गोळ्याच्या) ग्रेडियंट-एको पद्धतीच्या एमआरआय चित्रात गोळ्याहून मोठे काळे डाग दिसत होते. पेशींचं पोषक माध्यम बदललं, ॲगरोज गाळलं, फरक शून्य. फार वैताग आला. टीई (एको टाइम, म्हणजे सिग्नल टिपेपर्यंतचा वेळ) कमी केल्यावर डाग आक्रसले, स्पिन-एको या दुसऱ्या पद्धतीत जवळजवळ गेले. हवेच्या बुडबुड्याभोवती चुंबकीय क्षेत्र बिघडलं की असंच होतं. म्हणजे दोष पेशींचा नव्हता, अडकलेल्या हवेचा होता.

पीबीएसमध्ये (फॉस्फेट बफर असलेलं मिठाचं द्रावण) १ टक्का लो-मेल्टिंग ॲगरोज पूर्ण वितळवा, ६० अंश सेल्सिअसला ठेवून १५ मिनिटं हलकं व्हॅक्यूम द्या, मग ३७ अंशांवर आणा. आधी तळाचा थर नळीत ओतून गोठवा, नाहीतर गोळे बुडाशी जाऊन बसतात. पिपेटच्या टोक कापलेल्या टिपने स्फेरॉइड ठेवा, जास्तीचं माध्यम काढा, वरचा थर भिंतीवरून सावकाश सोडा. पिपेटचा दट्ट्या पहिल्या थांब्यापुढे दाबू नका. टिपेतला तो शेवटचा फुसका थेंबच बुडबुडा सोडतो. नळी काठोकाठ भरून झाकण लावा.