परदेशी विद्यापीठाचा प्री-सेशनल इंग्रजी कोर्स: कसा निवडावा, कसा पार करावा

दरवर्षी मार्च-एप्रिल आला की फोंडा, डिचोली, पेडणे इथून मुले माझ्याकडे येऊ लागतात. हातात इंग्लंडच्या एखाद्या विद्यापीठाचे ऑफर लेटर असते आणि त्यात एक अट असते: मुख्य अभ्यासक्रम सुरू होण्याआधी सहा किंवा दहा आठवड्यांचा प्री-सेशनल इंग्रजी कोर्स पूर्ण करा. मुलाचा चेहरा उतरलेला असतो, आई-वडील वैतागलेले. "मॅडम, चौथीपर्यंत मराठी होते तेवढेच. पाचवीपासून सगळे इंग्रजीतच शिकला की. आता परत इंग्रजी कशाला?"

त्यावर एजंट सांगतात की ही नुसती औपचारिकता आहे, थोडे व्याकरण घोटून घेतात, जाऊन बसायचे. हा सल्ला साफ चुकीचा आहे. मी हा कोर्स स्वतः केला आहे आणि गेली बारा वर्षे त्यासाठी मुलांची तयारी करून घेते आहे. व्याकरणाचा तास तिथे नावापुरता असतो. दुसऱ्यांनी लिहिलेले वाचायचे, त्यावर आपले म्हणणे ठरवायचे आणि कुणाचे काय ते स्पष्ट दाखवत स्वतःच्या शब्दांत लिहायचे, हे तिथे शिकवतात. प्रश्नोत्तरे पाठ करून प्रथम श्रेणी मिळवलेल्या मुलांनी हे आयुष्यात कधी केलेले नसते. मीही केलेले नव्हते.

कोर्स ओळखा

प्री-सेशनल म्हणजे पदवीचा अभ्यास सुरू होण्याआधीचा, फी भरून करायचा आणि पास व्हावाच लागणारा कोर्स. इन-सेशनल म्हणजे अभ्यासक्रम चालू असताना विद्यापीठ देते ती भाषेची मदत. ती बहुतेक ठिकाणी मोफत असते. शहरातल्या खासगी भाषाशाळांचा कोर्स ही तिसरीच गोष्ट. तो स्वस्त पडतो, पण तुमच्या ऑफरमधली अट त्याने पूर्ण होत नाही. शक्यतो ज्या विद्यापीठात प्रवेश आहे त्याच विद्यापीठाचा प्री-सेशनल घ्या. तो पास झाला की भाषेची अट सुटते, पुन्हा परीक्षा द्यावी लागत नाही. दुसरीकडचा घ्यायचाच असेल, तर त्याला 'बॅलीप' या विद्यापीठीय इंग्रजीच्या संस्थेची मान्यता आहे का ते पाहा, आणि तुमचे विद्यापीठ तो मान्य करते असे ईमेलवर लेखी घ्या. फोनवरचे 'हो' उपयोगाचे नाही.

किती आठवड्यांचा कोर्स, हे आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेत तुमचे बँड, म्हणजे गुण, किती कमी आहेत त्यावर ठरते. साधारणपणे अर्धा बँड कमी असेल तर सहा आठवडे, एक बँड कमी असेल तर दहा-बारा. हा कोर्स चुकवण्यासाठी तीन-तीनदा परीक्षा देऊ नका. परीक्षेत 250 शब्दांचा निबंध लिहायचा असतो आणि तो सगळा स्वतःच्या डोक्यातून. विद्यापीठात तीन हजार शब्द लिहायचे असतात आणि त्यातला प्रत्येक दावा कुठून आला ते दाखवावे लागते. पहिल्यात सात बँड मिळवणारी मुले दुसऱ्यात अडकलेली मी पाहिली आहेत.

परीक्षा

आयईएल्टीएस 'अ‍ॅकॅडेमिक' द्या, 'जनरल' नको. प्री-सेशनलसाठी व्हिसा काढायचा असेल तर नाव नोंदवतानाच 'यूकेव्हीआय', म्हणजे ब्रिटनच्या व्हिसा खात्याला चालणारा, प्रकार निवडा. पेपर तोच, गुणही तसेच, पण साधा निकाल त्या व्हिसाला चालत नाही. माझ्या एका विद्यार्थिनीला चांगले बँड असूनही फक्त या एका चुकीमुळे पुन्हा फी भरून परीक्षा द्यावी लागली. निकाल दोन वर्षे चालतो.

तारखा मागून मोजा

कोर्सच्या पहिल्या दिवसापासून मागे या. व्हिसाचा अर्ज त्याआधी जास्तीत जास्त सहा महिने करता येतो. व्हिसासाठी दाखवायचे पैसे खात्यात सलग 28 दिवस असावे लागतात, आणि तो हिशेब संपतो ती तारीख अर्ज करताना 31 दिवसांपेक्षा जुनी चालत नाही. इथेच घोटाळा होतो: काका मुदत ठेव मोडून पैसे देतात, ते अकराव्या दिवशी दुसऱ्या खात्यात फिरतात आणि मोजणी पुन्हा एकपासून. सहा महिन्यांपेक्षा जास्त मुक्काम असेल तर क्षयरोग चाचणीचे प्रमाणपत्र लागते, तेही सहा महिनेच चालते. प्री-सेशनल आणि मुख्य अभ्यासक्रम दोन्हींसाठी मिळून एकच 'कॅस', म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठ देते ते प्रवेशाचे पत्र, मिळेल का, हे विद्यापीठाला पहिल्याच ईमेलमध्ये विचारा. मिळाले तर मध्येच दुसरा व्हिसा काढावा लागत नाही.

घरात पोर्तुगीज पासपोर्ट आहे म्हणून निर्धास्त राहणारी कुटुंबे गोव्यात अजूनही भेटतात. ब्रेक्झिटमुळे 1 जानेवारी 2021 पासून तो पासपोर्ट घेऊन इंग्लंडला नव्याने शिकायला जाणाऱ्यालाही विद्यार्थी व्हिसा लागतो.

आणि एक गोष्ट घरी आत्ताच सांगून ठेवा. कोर्स जून-जुलैत सुरू होतो आणि ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरात संपतो. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, घरी येता येणार नाही. हजेरी मोजली जाते.

ऑनलाइन घ्यायचा की तिथे जाऊन? पैसे परवडत असतील तर जाऊन. ऑनलाइन घेतलात तर तिथले सकाळचे नऊ म्हणजे आपले दुपारचे दीड, तेव्हा वेळेची अडचण नाही. अडचण जुलैतल्या पावसाची आहे. वीज गेली, नेट गेले आणि त्याच तासाला तुमचे सादरीकरण असले, तर काय करणार? इन्व्हर्टर आणि दुसऱ्या कंपनीचे सिमकार्ड हवेच.

खरी अडचण: वाचलेले स्वतःच्या शब्दांत लिहिणे

दुसऱ्या आठवड्यात मी पहिला मसुदा दिला. बाराशे शब्द, चार संदर्भ, एकही स्पेलिंग चुकलेले नाही. ट्यूटरने तो समोर ठेवला आणि शांतपणे विचारले, "यातले तुझे वाक्य कोणते?" मी वरपासून खालपर्यंत शोधले. एकही नव्हते. प्रत्येक वाक्य कुठल्या ना कुठल्या लेखातून उचलून त्यातले चार-पाच शब्द मी बदलले होते. मला वाटत होते, अभ्यास म्हणजे हेच. त्या रात्री मी झोपले नाही. लबाडी माझ्या मनात नव्हती, पण विद्यापीठाच्या नियमात ती साहित्यचोरीच होती. कोर्समधल्या मसुद्यात हे झाले म्हणून निभावले. पदवीच्या पेपरात झाले असते तर चौकशी लागली असती.

तेव्हापासून 'शब्द बदला, म्हणजे झाले' असे कुणी सांगितले की मला राग येतो. शब्द बदलून वाक्य आपले होत नाही. वर्गात मी खाजन जमिनींवरचा, म्हणजे गोव्यातल्या खाडीकाठच्या, बांध घालून राखलेल्या शेतजमिनींवरचा, एक उतारा वापरते. मूळ इंग्रजीत आहे, इथे मराठीत सांगते. त्यातले वाक्य असे: 'खाजन जमिनींचा ताबा कुळांकडे गेल्यानंतर बांधांच्या सामूहिक देखभालीची जुनी व्यवस्था ढासळली.' मुले लिहितात: 'खाजन शेतांचा कब्जा कसणाऱ्यांना मिळाल्यावर बंधाऱ्यांच्या एकत्रित निगेची पूर्वीची पद्धत कोसळली.' जवळपास प्रत्येक शब्द बदलला आहे, पण वाक्याचा सांगाडा जसाच्या तसा. शिवाय ताबा आणि कब्जा यांत फरक आहे, बांध आणि बंधारा यांतही आहे. म्हणजे चोरीही झाली आणि अर्थही बिघडला. आपोआप शब्द बदलून देणारी सॉफ्टवेअर नेमके हेच करतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका.

मला ज्याने सुटका मिळाली ती पद्धत सांगते. परिच्छेद दोनदा वाचा. मग लेख बंद करा, खरोखर बंद करा, स्क्रीन पालथी घाला. आता समोर तुमची आई बसली आहे असे समजा आणि या माणसाचे म्हणणे काय, ते तिला मराठीत एका-दोन वाक्यांत सांगा. घरी कोकणी बोलत असाल तर कोकणीत सांगा. मोठ्याने सांगा. सांगता आले नाही तर परिच्छेद समजलेला नाही, परत वाचा. सांगता आले तर तेच वाक्य वहीत मराठीत लिहा आणि शेजारी लेखकाचे नाव, साल, पान क्रमांक. इंग्रजी वाक्य या मराठी टिपणावरून लिहायचे, मूळ लेखावरून नाही. सगळ्यात शेवटी मूळ लेख उघडून दोन गोष्टी तपासा: अर्थ वाकला आहे का, आणि सलग तीन-चार शब्द तेच आले आहेत का. विषयाच्या संज्ञा तशाच राहतील, त्या बदलायच्या नसतात. संदर्भ मात्र द्यायचाच. वाक्य तुमचे असले तरी विचार त्याचाच आहे.

'इंग्रजीतच विचार करा' असे सगळीकडे सांगतात. टिपणांच्या बाबतीत मी त्याच्या पूर्ण विरोधात आहे. इंग्रजीत टिपण काढले की मूळ वाक्य हातातून जसेच्या तसे उतरते, कारण आपल्याकडे त्या विषयाचे दुसरे इंग्रजी तयार नसते. मराठीत काढले की ते शब्द येऊच शकत नाहीत. अर्थ तेवढा येतो.

त्याच खाजनाच्या उताऱ्यावर एका मुलीने वर्गात काय सांगितले ते ऐका. ती तिसवाडीतल्या खाजनाकाठच्या गावची. म्हणाली, "लेखक म्हणतो की बांध सांभाळणे पूर्वी सगळ्या गावाचे काम होते, कूळ कायद्यानंतर ते कुणाचेच राहिले नाही. पण आमच्याकडे कूळ संघ आहे, फक्त बांध फुटल्यावर सगळे एकमेकांकडे बघतात." पहिले वाक्य लेखकाचे, दुसरे तिचे. मी तिला तेवढेच इंग्रजीत लिहायला सांगितले, पहिल्याला संदर्भ जोडून, दुसऱ्याला न जोडता. तिच्या निबंधाचा सगळ्यात चांगला परिच्छेद तोच निघाला.

यानंतर दुसरा अडथळा येतो आणि तोही मला नडला. तीन लेख वाचले की आपण तीन परिच्छेद लिहितो, एकेका लेखकाचा एकेक. ही लेखकांची रांग झाली, युक्तिवाद झाला नाही. ग्रामसभा आठवा. सभेहून आलेला माणूस घरी येऊन प्रत्येकाचे भाषण क्रमाने म्हणून दाखवत नाही. तो सांगतो, "रस्ता हवा हे सगळ्यांना मान्य आहे. सरपंच म्हणतात तळ्याकडून न्या, शेतकऱ्यांना ते नको, आणि तळ्यातले पाणी कुठे जाईल हे कुणीच बोलले नाही." परिच्छेद असाच बांधायचा: एक प्रश्न घ्यायचा, त्यावर कोण कुठे जुळतात, कुठे फाटा फुटतो आणि काय कुणीच विचारलेले नाही. ते शेवटचे जे आहे, तिथून तुमचे म्हणणे सुरू होते.

क्रियापदे जपून वापरा. आपली मुले सरसकट 'सिद्ध केले' लिहितात. लेखक सुचवतो, दाखवतो, दावा करतो, गृहीत धरतो, यांत प्रत्येक वेळी फरक आहे, आणि तो निवडताना त्या लेखकाच्या पुराव्यावर तुमचा किती भरवसा आहे हे दिसते. एखाद्या गावात वीस घरांत विचारपूस करून लिहिलेला लेख काही 'सिद्ध' करत नाही.

आणि टर्निटिन या विद्यापीठांत वापरल्या जाणाऱ्या तपासणी सॉफ्टवेअरच्या टक्क्यांमागे धावू नका. तो टक्का फक्त जुळणारा मजकूर दाखवतो. संदर्भांची यादीसुद्धा त्यात जुळते म्हणून दिसते. अमुक टक्क्यांखाली आले की सुरक्षित, असा आकडा नसतो. आठ टक्क्यांत चोरी असू शकते आणि पंचवीस टक्के निर्दोष असू शकतात.

याचा सराव इथे गोव्यात, मे महिन्यातच सुरू करा. एकाच विषयावरचे दोन दैनिकांचे अग्रलेख घ्या, समजा 'नवप्रभा' आणि 'गोमन्तक'. दोन्ही वाचा, बाजूला ठेवा, आणि दोघांत कुठे जुळते, कुठे नाही यावर इंग्रजीत दीडशे शब्द लिहा. मूळ मजकूर मराठीत असल्यामुळे उचलेगिरी करताच येत नाही, ही या सरावाची ताकद आहे. रोज एक, तीस दिवस. क्लासची फी भरण्यापेक्षा हे करा.

बाकीचे

शब्दसंग्रहासाठी जाडजूड पुस्तके नकोत. न्यूझीलंडच्या एव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली विद्यापीठीय लेखनात वारंवार येणाऱ्या 570 शब्दकुलांची (एका मूळ शब्दापासून झालेल्या शब्दांच्या गटांची) यादी प्रसिद्ध केली, ती मोफत मिळते. रोज दहा घ्या, वाक्यासकट.

व्याख्यानात सगळे लिहून घेऊ नका, मुद्दे जोडणारे दुवे आणि आकडे तेवढे टिपा.

सेमिनारमध्ये पहिल्या दहा मिनिटांत एकदा तोंड उघडा, प्रश्न विचारून का होईना. उच्चाराची काळजी करू नका. त्या खोलीत चीन, सौदी, थायलंडची मुलेही असतात आणि प्रत्येकाचा उच्चार वेगळा असतो.

मसुद्यावर ट्यूटरने लिहिलेले शेरे एका वहीत उतरवा आणि पुढचा मसुदा देण्याआधी त्या वहीशी ताडून पाहा. कोर्स संपला तरी वही टाकू नका, प्रबंधाच्या वेळी लागते. मुख्य अभ्यासक्रम सुरू होताच, पहिल्याच आठवड्यात, इन-सेशनलच्या ट्यूटरची वेळ घेऊन ठेवा. पहिली असाइनमेंट जवळ आली की सगळेच धावतात आणि मग वेळ मिळत नाही.