चादरीतून आठवडाभराचं गणित : इयत्ता पाचवी

सोमवारी दोन-तीन सोलापुरी चादरी वर्गात मागवा आणि टेपने लांबी-रुंदी मोजायला लावा. मंगळवारी परिमिती, क्षेत्रफळ. मुलं मीटर-सेंमी मिसळतात, म्हणून सगळी मापं आधी सेंमीत घ्या.

बुधवार-गुरुवार विणकामाला पूर्ण द्या. २० सेंमीचा चौकोनी कार्डशीट मधोमध दुमडा, कडेला २ सेंमी सोडून दर २ सेंमीवर घडीकडून चिरा द्या : ९ चिरा, ८ उभ्या पट्ट्या. कड कापली गेली तर ताणा (उभ्या पट्ट्या) सुटतो. बाण्याच्या (आडव्या) ८ पट्ट्या दुसऱ्या रंगाच्या, २ सेंमीपेक्षा जरा अरुंद. नाहीतर आठवी पट्टी बसतच नाही. प्रत्येक ओळ आधीच्या उलट सुरू करा.

शुक्रवारी मोजणी : ६४ घरांत बाण्याची ३२, म्हणजे १/२. एक वर-तीन खाली विणल्यास १६, म्हणजे १/४. शनिवारी भिंतीवर लावा.