रॅम घेताना ब्रँड सगळ्यात शेवटी बघा. या चुका टाळा

पीसी अपग्रेड करायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो 'कुठल्या कंपनीची रॅम घेऊ?' खरं तर हा शेवटचा प्रश्न असायला हवा. रॅम बदलल्यावर उद्भवणाऱ्या बहुतेक तक्रारींचं मूळ मला ब्रँडमध्ये नाही, जुळणीत सापडलं आहे.

रॅमच्या पट्टीवरचं, म्हणजे स्टिकवरचं नाव हे आतल्या चिपचं नाव नसतं. मेमरीच्या चिपा जगात मुख्यतः तीन कंपन्या बनवतात: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. किंग्स्टन, कॉर्सेअर, जी.स्किल, एडाटा या कंपन्या अशा चिपा विकत घेऊन पट्टीवर बसवतात, तपासतात आणि वॉरंटी देतात. हे काम नीट करणारी कंपनी निवडावीच. पण 'अमुक ब्रँड भिकार, तमुक उत्तम' असं सरसकट म्हणण्यात अर्थ नाही. दोन ब्रँडच्या स्टिकमध्ये एकाच कारखान्याची चिप असू शकते आणि एकाच ब्रँडच्या एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या कारखान्यांच्या.

सगळ्यात महागात पडणारी चूक

आज ८ जीबीची एक स्टिक घ्यायची आणि पुढच्या वर्षी तशीच दुसरी घालायची. मीही एकदा हेच केलं. ब्रँड तोच, मॉडेल तेच, वेग तोच. पीसी सुरू झाला, दोन दिवस चालला, मग मोठी फाइल उघडली की निळा स्क्रीन. विंडोज पुन्हा टाकलं, ड्रायव्हर बदलले, काही फरक नाही. शेवटी एकेक स्टिक काढून पाहिली, तर दोन्ही एकेकट्या ठणठणीत. एकत्र लावल्या की बिनसायचं.

मॉडेल नंबर तोच ठेवून कंपन्या आतली चिप बदलतात. कॉर्सेअरच्या स्टिकरवर तर 'व्हर्जन' म्हणून आकडा असतो. तो ३ ने सुरू झाला तर चिप मायक्रॉनची, ४ ने तर सॅमसंगची, ५ ने तर हायनिक्सची. चिप बदलली की तिला सोसणारी टायमिंगही (प्रतिसादाला किती वेळ घ्यायचा ते आकडे) बदलतात, आणि मदरबोर्डला दोन्ही स्टिक एकाच चालीने चालवाव्या लागतात. म्हणून १६ जीबी हवी असेल तर ८ जीबीच्या दोन स्टिकचं एकाच पाकिटातलं किट घ्या. ते एकत्र तपासलेलं असतं. जुनी स्टिक ठेवायचीच असेल तर चालेलही, पण वेग थोडा उतरवायची तयारी ठेवा.

विकत घेण्याआधी मदरबोर्डच्या कंपनीने दिलेली तपासलेल्या रॅमची यादी बघा आणि पूर्ण पार्ट नंबर जुळवा. यादीत नसलेली रॅम चालणारच नाही असं नाही, पण असलेली घेतली की एक शंका कमी होते. रॅमची पिढीही तपासा. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८ पिना असतात, पण खाच वेगळ्या जागी असते. जोर लावून बसवायला जाल तर स्लॉट मोडेल. सर्व्हरसाठीची 'रजिस्टर्ड' रॅम स्वस्त दिसली तरी घरगुती मदरबोर्डवर चालत नाही.

वेग कमी का दिसतो?

३२०० ची रॅम घेतली आणि टास्क मॅनेजरमध्ये २१३३ किंवा २४०० दिसतं. लोक लगेच 'नकली माल' म्हणतात. बहुतेक वेळा बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी किंवा एक्स्पो, म्हणजे रॅमला तिच्या जाहीर वेगाने चालवणारी सेटिंग, चालू केलेली नसते, एवढंच. सीपीयू-झेड या माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये १६०० दिसलं तरी घाबरू नका. तो घड्याळाचा वेग आहे आणि डीडीआर प्रत्येक ठोक्याला दोनदा डेटा पाठवते.

नुसता मोठा आकडा पाहूनही भुलू नका. सीएल म्हणजे रॅम उत्तर द्यायला घड्याळाचे किती ठोके घेते तो आकडा. ६००० च्या वेगाला सीएल ३० असेल तर पहिला प्रतिसाद सुमारे १० नॅनोसेकंदांत येतो, सीएल ४० असेल तर १३ च्या वर जातो. डीडीआर४ ची ३२०० सीएल १६ रॅमसुद्धा १० नॅनोसेकंदच घेते.

डीडीआर५ मध्ये चारही स्लॉट भरायचा मोह आवरा. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेच्या प्रोसेसरवर दोन स्टिकना अधिकृत वेग ५२००, चार लावल्या की ३६००. दोन मोठ्या स्टिक केव्हाही बऱ्या. चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवायच्या असतात. मॅन्युअलमध्ये खात्री करा.

पीसी चालूच झाला नाही तर

डीडीआर५ असेल तर आधी थांबा. पहिल्यांदा मेमरी ओळखून जुळवून घ्यायला बोर्डला काही मिनिटं लागू शकतात आणि तेवढा वेळ स्क्रीन काळाच राहतो. घाईने बटण दाबून बंद करू नका. तरीही काही दिसलं नाही तर वीज काढून स्टिक पुन्हा बसवा. क्लिप नीट लागली पाहिजे. मग एकच स्टिक ठेवून बघा, त्यानंतर सीमॉस रीसेट, म्हणजे बायोसची सेटिंग मूळ स्थितीत आणणं.

सुरू झाला पण मध्येच अडकतोय? मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेनड्राइव्हवरून चालवा, शक्यतो रात्रभर. एक जरी एरर आली तरी दुर्लक्ष करू नका, कारण खराब मेमरी तुमच्या फाइलीही गुपचूप बिघडवते. एक्सएमपी बंद करून तीच चाचणी पुन्हा घ्या. एरर गेली तर स्टिक खराब असेलच असं नाही, तो वेग त्या जोडीला किंवा बोर्डला झेपत नाही. एक पायरी खाली या. नाही गेली तर एकेक स्टिक वेगळी तपासून दोषी शोधा. किट असेल तर वॉरंटीत बहुधा दोन्ही स्टिक एकत्र परत मागतात, त्यामुळे पाकीट आणि बिल पहिल्या दिवसापासून जपून ठेवा.