नुसती लिंक डकवली म्हणजे संदर्भ झाला नाही

सातारा-सांगलीकडून शिवाजी विद्यापीठात प्रबंध देणार असाल, तर संदर्भसूचीतला ऑनलाइन भाग आधी तपासा. लेखक, वर्ष, शीर्षक, संकेतस्थळाचं नाव आणि मग लिंक, एवढं हवंच. उद्या लिंक बंद पडली तरी आधीच्या चार गोष्टींवरून मजकूर हुडकता येतो.

सगळ्यात फसवी ती रोज बदलणारी पानं. कोयनेचा पाणीसाठा घ्या, नाहीतर सांगलीत आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी. लिंक तीच, पावसाळ्यात आकडा सकाळी एक, संध्याकाळी दुसरा. परीक्षक पान उघडतील तेव्हा तुमचा आकडा तिथे नसणार. म्हणून पाहिल्याची तारीख लिहा, अशा आकड्यांना वेळही लिहा. पान लगेच वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या त्या-त्या वेळच्या प्रती जपून ठेवणारं संकेतस्थळ) जतन करून त्या प्रतीची लिंक द्या. चार महिन्यांनी आठवण झाली तर तो आकडा परत मिळत नाही. एपीए या संदर्भ देण्याच्या पद्धतीच्या सातव्या आवृत्तीत पाहिल्याची तारीख अशा बदलत्या पानांनाच लागते. प्रसिद्ध झालेल्या लेखाला ती जोडत बसू नका.

लेखाला डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा डिजिटल ओळख क्रमांक, असेल तर तोच द्या. तो १० या आकड्याने सुरू होतो. एपीए पद्धतीत त्यापुढे पूर्णविराम नसतो, कारण तो लिंकला चिकटला की लिंक उघडत नाही. चॅटबॉटने सुचवलेला संदर्भ तर डीओआय उघडून, लेखाचं नाव जुळवल्याशिवाय घेऊच नका. अस्तित्वातच नसलेले लेख तिथे बेमालूम तयार होतात.

जुन्या ग्रंथांत वर्षाचा घोळ होतो. सातारा जिल्ह्याचं इंग्रजी गॅझेटिअर १८८५ चं. पीडीएफ कधीही चढवलेली असो, वर्ष १८८५ च. पृष्ठांकही कागदावर छापलेला घ्या, स्क्रीनवर दिसणारा नको. मुखपृष्ठ, अनुक्रमणिका धरून दोन्हींत बराच फरक पडतो.

मराठी विश्वकोशाचं काम वाईत उभं राहिलं, त्यामुळे आपल्याकडे तो हक्काने वापरतात. पण लेखक म्हणून ‘विश्वकोश’ लिहू नका. नोंदीच्या शेवटी नोंदलेखकाचं नाव असतं, ते घ्या.

शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांच्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, प्रबंध प्रकरणवार फाइलींत असतो. एका प्रकरणाची नव्हे, पूर्ण प्रबंधाच्या पानाची लिंक द्या, आणि वर्ष शीर्षकपृष्ठाच्या फाइलीतून घ्या.